घुबडछाप चाकूपायी

दुखवट्याला जायचं म्हटलं की बद्रीनाथचे गुडघे हमखास दुखायला लागत. त्यामुळे सगुणाबाई धावड्याला निघाली आणि तो म्हणाला, "थांब, मीबी येतो," तेव्हा तिनं आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

धावड्याचा रामकिसन म्हणजे सगुणाबाईचा मावसभाऊ. नवरा-बायको दोघंही जवळच हसनाबादेत राहत असूनही त्याच्या मातीला जाणं झालं नव्हतं (गुडघे). आता निदान भेटून यावं, म्हणून ती निघाली होती.

"तुम्हाला कधीपासून माझ्या माहेरच्यांची माया आली?"

"माणूस गेला, सगुणा. एवढं तरी करावं लागतं," बद्रीनाथ म्हणाला आणि पांढरा शर्ट शोधू लागला.

खरी गोष्ट वेगळी होती. बद्रीनाथ कचेरीतून रिटायर झाला त्या दिवशी त्याला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्यानंतर त्या कचेरीतून कुणाचा फोनही आला नाही. लेक अर्पिता पुण्याहून रोज फोन करी, पण आईशी बोले आणि शेवटी विचारी, "बाबा बरे आहेत ना?" शेजारीच बसलेले बाबा मान हलवत. अशा दिवसांत जुन्या बाजारात त्याच्या हाती एक गंजका खिशातला चाकू लागला. पात्याच्या मुळाशी बारीकसा ठसा होता, घुबडाचा. एका दुकानदारानं सांगितलं, हे घुबडछाप चाकू. कारखाना कधीचाच बुडाला, आता सापडायचे नाहीत. सापडायचे नाहीत म्हटल्यावर बद्रीनाथला जगायला कारण मिळालं.

दोन वर्षांत त्यानं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात कापूस घालून बरेच घुबडछाप जमवले. घुबडाचे दोन्ही डोळे उघडे असले तर चाकू जुना. एक डोळा झिजून मिटल्यासारखा झाला असला तर नंतरचा, हे त्याला भिंगातून ओळखू येई. सगुणाबाईला घरात एवढी घुबडं पसंत नव्हती. त्यातल्या एकानं तिनं एकदा कांदा चिरला, तेव्हा बद्रीनाथ दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता (हे तिच्या लक्षात आलं नाही, हा भाग वेगळा).

रामकिसनकडे होता तो घुबडछापमधला कलमाचा चाकू. शिंगाची मूठ, दोन पाती, आणि साल उचलायला मागं हाडाची चपटी जीभ. रामकिसन मोसंबीच्या खोडात कलमाचा डोळा भरत असताना बद्रीनाथनं तो एकदाच पाहिला होता. हात लावू का म्हणून विचारलं, तर रामकिसन "न्हाई," एवढंच म्हणाला आणि चाकू बंडीच्या खिशात टाकून चालता झाला. माणूस तसाच होता. कुणाशी गोड बोलला नाही.

धावड्याच्या अंगणात सतरंजीवर पाच-सहा माणसं बसली होती. कापसाचं बोलणं चाललं होतं. एकजण मोबाइल बघत होता. मेलेल्या माणसाबद्दल कुणाला काही आठवतच नव्हतं, आठवलं ते सांगण्यासारखं नव्हतं. रामकिसनची बायको गोजरबाई आत भिंतीला टेकून बसली होती, कोरड्या डोळ्यांनी. सगुणाबाईनं तिला मिठी मारली, तरी ती लाकडासारखीच.

"आय रडलीच न्हाई, मामा," रामकिसनचा मुलगा संपत हळूच म्हणाला. "मातीच्या दिवशी बी न्हाई. डाक्टर म्हणला, रडवा तिला. पण कसं रडवायचं?"

बद्रीनाथनं दुःखी चेहरा केला. थोडा वेळ जाऊ दिला. मग घसा साफ केला. "संपत, भाऊंची एखादी वस्तू... आठवण म्हणून... बघायला भेटंल का?"

संपत गहिवरून आत गेला आणि चष्मा घेऊन आला. बद्रीनाथनं चष्मा कपाळाला लावला. "अजून काही?" संपतनं कवळी आणली. तीही कपाळाला लावावी लागली.

"तसं न्हाई रे. खिशात काय असायचं त्यांच्या?"

"तंबाखू."

"अन् दुसऱ्या खिशात?"

"चुना."

"अरे, बंडीच्या! आतल्या!"

"तो व्हय, कलमाचा चाकू!" संपत म्हणाला. "तो त्यांच्यासंगंच गेला, मामा. त्यांची आवडती बंडीच घातल्ती अंगात. घाईत खिसा बघायचा ऱ्हाऊन गेला."

"गेला म्हंजे?"

"जळाला."

बद्रीनाथच्या डोळ्यांपुढं तो चाकू आला. तो शिंगाचा, तो दोन पात्यांचा, दोन्ही डोळे नक्की उघडेच असणारा! त्याच्या तोंडून "अरे देवा!" असं निघालं आणि पुढं त्याला आवरेना. मोठ्यानं हुंदका आला. मोबाइलवाल्यानं मोबाइल खिशात घातला. बद्रीनाथ सतरंजीवर हात आपटून रडू लागला. "असा दुसरा होणं न्हाई! आता कुठं शोधू मी!"

सुरुवात चाकूनं झाली होती, यात शंका नाही. पण रडता रडता त्याला दारातून आत बसलेली ती कोरडी बाई दिसली, कापसाचे भाव बोलणारी माणसं दिसली, आणि आपल्याही अंगणात एक दिवस अशीच सतरंजी पडेल, तिच्यावर कुणी असंच मोबाइल बघत बसेल, हे दिसलं. मग तो कुणासाठी रडतोय ते त्याचं त्यालाच कळेना.

आत एकदम हंबरडा ऐकू आला. गोजरबाई उठून दारात आली होती. "दाजी!" ती म्हणाली, "माझ्या माणसासाठी कुणी रडलं हो! कुणी तरी रडलं!" आणि उंबऱ्यावर बसून ती जी रडू लागली, ती चांगली अर्धा घंटा. संपतनं बद्रीनाथचे पाय धरले.

शांत झाल्यावर गोजरबाईनं विचारलं, "एवढा जीव व्हता तुमचा त्यांच्यावर? कधी बोलले न्हाई ते."

खोटं बोलायचं बद्रीनाथच्या जिवावर आलं. "वहिनी, त्यांचा चाकू डोळ्यापुढं आला, अन् मला ऱ्हावलं न्हाई."

हे शब्दशः खरं होतं. गोजरबाईनं डोळे पुसत मान हलवली.

तेरवीला बोलावणं आलं, ते दोन शब्द बोलण्यासाठी. संपत म्हणाला, "मामा, तुमच्याइतकं बाबाला कुणीच वळखत न्हाई." बद्रीनाथचे गुडघे ताबडतोब दुखू लागले, पण सगुणाबाईनं त्याला दंडाला धरून जीपमध्ये बसवलं. माइकसमोर उभं राहिल्यावर सांगण्यासारखं त्याच्याकडे एकच होतं. त्यानं तेच सांगितलं. रामकिसन मोसंबीच्या खोडाजवळ कसा बसायचा, पातं सालीत कसं उतरवायचा, अन् डोळा बसवून पट्टी बांधताना, लेकराचं अंगडं बांधावं असा त्याचा हात कसा हलका व्हायचा. "आमच्या शेतातली कलमं बी त्यानंच बांधली," मागून एक म्हातारा म्हणाला. मग दुसऱ्याला काही आठवलं, तिसऱ्याला काही. रामकिसनबद्दल त्याच्या गावात पहिल्यांदाच चांगलं बोललं जात होतं.

जेवणं झाल्यावर गोजरबाईनं बद्रीनाथला सगळ्यांसमोर बोलावलं. तिच्या हातात रुमालाची पुरचुंडी होती.

"संपतला ठाव न्हाई, पण बंडी घालायच्या आधी मीच काढून ठीवला व्हता. मी काय करू त्याचं? तुम्ही घ्या."

बद्रीनाथला घेरीच यायची बाकी होती. चाकू जळाला नव्हता! घाईघाईनं त्यानं पुरचुंडी सोडली. आत लाल प्लॅस्टिकची मूठ होती.

"ते शिंग तडकलं व्हतं," गोजरबाई मायेनं म्हणाली. "तुम्हाला द्यायचा, मंग चांगला नको का? भोकरदनहून धारवाल्या लालमियाँकडून नवी मूठ बसवून आणली. ती हाडाची जीभ हालत व्हती, ती काढून टाकली. अन् पात्यावर कसला तरी डाग व्हता काळा, पाखरावानी. त्याला म्हणलं, तो बी घासून काढ बिलकुल. बघा कसा चकाकून ऱ्हायला!"

बद्रीनाथनं पातं उघडलं. चकचकीत, आरशासारखं. मुळाशी काहीच नव्हतं. पात्यात फक्त त्याचा स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि तो वाकडा झाला होता. दुसऱ्या क्षणी तो तिथंच ओक्साबोक्शी रडायला लागला.

"बघा," गोजरबाई सगळ्यांना म्हणाली, "अजून दुःख वसरलं न्हाई दाजींचं."

परतीच्या जीपमध्ये सगुणाबाई बाहेर बघत होती. दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशी उभी होती. मग ती म्हणाली, "चाकूसाठी रडले ना?"

बद्रीनाथनं खिशातली पुरचुंडी चाचपली.

"मला पहिल्याच दिवशी कळलं व्हतं. पण गोजरवहिनीचं मन मोकळं झालं, म्हणून गप्प बसले." तिनं पदर सावरला. तिचा आवाज जरा ओला झाला होता. "माझ्या येळेला बी एवढंच रडा. त्यासाठी लागलं तर उशाला एखादा चाकू घेऊन झोपंन मी."

आता काहीतरी चांगलं बोलावं, बायकोचा हात हातात घ्यावा, असं बद्रीनाथच्या मनात फार आलं. त्यानं हात पुढं केलाही. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"कोणता?"

सगुणाबाईनं जीप थांबवायला लावली, उठली आणि पुढं ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली.