मंजूर डुलकी

विनिपेगच्या पाणवाट परवाना कार्यालयात एका मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी वरिष्ठ लिपिक लोर्ना ह्रिसाक खिडकीमागे बसल्या जागी झोपी गेली. हातातला शिक्का कागदाच्या दोन बोटं वर थबकला होता. शेतात चर खणायची परवानगी मागायला आलेले गृहस्थ अकरा मिनिटं अदबीनं उभे राहिले. त्यांना वाटलं, बाई विचार करताहेत. या खिडकीत तसं पूर्वी कधी घडलं नव्हतं, म्हणून त्यांना खोकायचाही धीर होईना.

बावीस वर्षांत लोर्नानं सलग रजा अशी घेतलीच नव्हती. मागायला गेली की कुणीतरी म्हणायचं, "तुमच्याशिवाय कसं व्हायचं?" आणि खोटं कशाला बोला, तिला ते ऐकून बरं वाटायचं.

साहेबांनी, म्हणजे ब्रेंट फॅलिस यांनी तिला बोलावून घेतलं. चौतिशीचा, मनानं चांगला माणूस.

"लोर्ना, घाबरू नका. दोष तुमचा नाही, व्यवस्थेचा आहे."

"मी म्हणत होते, दोन आठवडे घरी राहिले तर..."

"आधी धोरण ठरू दे."

धोरणासाठी समिती नेमली गेली. तिच्या सात बैठका झाल्या. सगळ्या जेवणाच्या सुट्टीत, कारण एरवी कुणाला सवड नव्हती. ठरलं असं की, प्रत्येक कर्मचाऱ्यानं रोज वीस मिनिटं झेरॉक्सच्या खोलीत विश्रांती घ्यावी. आत जाण्यापूर्वी अर्ज भरावा, त्यात विश्रांतीचं प्रयोजन व अपेक्षित फलनिष्पत्ती नमूद करावी; बाहेर आल्यावर अहवाल द्यावा. अर्ज भरायला पंचवीस मिनिटं लागत. लोक दमून आत जात आणि अहवालाच्या धास्तीनं टक्क जागे पडून राहत.

विश्रांती समन्वयकाचा अतिरिक्त कार्यभार लोर्नाकडे आला. "या विषयातला प्रत्यक्ष अनुभव कार्यालयात फक्त तुम्हालाच आहे," ब्रेंट म्हणाला.

आता त्रेचाळीस माणसांचे अहवाल तपासता तपासता लोर्नाला निघायला सात वाजू लागले. तिची स्वतःची विश्रांती तेवढी थकली. नियमाप्रमाणे नोटीस निघाली. ती तिनंच टाइप केली, तिनंच सही करून बजावली, तिनंच स्वीकारली. आणि खुलासा समाधानकारक न वाटल्यानं तिनंच स्वतःला लेखी ताकीद दिली.

त्याच आठवड्यात थोरल्या बहिणीचा, स्टेफ्काचा, गिमलीहून फोन आला. "तळ्याकाठचं घर विकतेय गं. गुडघे जिना चढू देत नाहीत. आई गेल्यापासून आपण दोघी इथे एक आख्खा दिवस राहिलो नाही. येतेस, की पाहुण्यांसारखं आमंत्रणाचं पत्र पाठवू?"

लोर्नानं रजेचा अर्ज लिहिला. कारण: थकवा.

ब्रेंटनं कपाळाला हात लावला. "थकवा लिहू नका हो! समन्वयकच थकली म्हणजे योजना फसली. मी वर काय तोंड दाखवू?"

"मग थकलेली नाही असं लिहू?"

"मग रजा कशाला?"

लोर्ना जागेवर येऊन बसली. शेजारच्या टेबलावरची टेरेसिता हळूच म्हणाली, "रजा कसली मागतेस, वेडे! विश्रांतीच्या अभ्यासदौऱ्यावर जातेय म्हण. दौरा म्हटलं की वर कुणी काही विचारत नाही."

बारा दिवसांचा अभ्यासदौरा दुपारपर्यंत मंजूर झाला. अट एकच: सोबत झोपेचं वेळापत्रक जोडावं, फोनवरून केव्हाही पडताळणी होईल.

गिमलीला पहिले दोन दिवस लोर्ना फडताळं पुसत होती. तिसऱ्या दिवशी स्टेफ्कानं तिच्या हातातलं फडकं ओढून घेतलं. "ए, पुरे. ज्याला विकतेय तो पुसेल." दोघींनी बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या पेरोगी पोटभर खाल्ल्या, आईच्या चिडण्याची नक्कल करत डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. मग पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यात ओसरीवरच्या खाटेवर लोर्ना आडवी झाली आणि कित्येक वर्षांत झोपली नव्हती तशी झोपली.

तीन वाजता फोन वाजला.

"लोर्ना, ब्रेंट बोलतोय. झोपला होतात का?"

लोर्ना ताडकन उठून बसली. केस सारखे केले, घसा खाकरला. गालावर उशीची नक्षी उमटली होती. "छे छे! जागीच होते. काम चाललंय."

पलीकडे कीबोर्डच्या कळा बडवल्याचा आवाज आला. मग ब्रेंट खिन्नपणे म्हणाला, "वेळापत्रकात या वेळी झोप आहे. विश्रांतीच्या अभ्यासात विश्रांतीच आढळली नाही, असं नोंदवावं लागेल. दौरा रद्द. सोमवारी हजर व्हा."

"अहो, खरं सांगते, झोपलेच होते मी! गाढ!"

"मग आधी खोटं का बोललात?"

लोर्नानं फोन ठेवला. दारात उभ्या असलेल्या स्टेफ्कानं विचारलं, "घाबरलीस तरी कशाला गं?"

"माहीत नाही," लोर्ना म्हणाली आणि बॅग भरायला लागली.

सोमवारी ती हजर झाली. पानगळीच्या आधी घर विकलं गेलं.

तुम्हाला हसू आलं असेल. येऊ द्या. फक्त एवढं आठवून पाहा: मागच्या रविवारी भर दुपारी तुमचा फोन वाजला, पलीकडून कुणी विचारलं, "झोपला होतात का?" तेव्हा उशीवरून डोकं उचलत तुम्ही काय सांगितलंत?