नानांची दुसरी रेघ

किन्हवलीच्या नानांनी मला फसवलं. मला! जुन्या ट्रॅक्टरच्या सौद्यात मुरबाडच्या दलालांना घाम फोडणाऱ्याला!

नाना भातसानगरला धरणाच्या ऑफिसात पाण्याच्या पातळीचे आलेख काढायचे. रिटायर झाल्यावर धरण सुटलं, आलेख सुटले नाहीत. आता शेअरच्या भावाचे काढतात. लॅपटॉपच्या पडद्यावर बटर पेपर चिकटवायचा आणि भाव पडून जिथून जिथून पुन्हा उसळला, ते तळ पेन्सिलीने जोडायचे. तीन तळ टेकले तरच रेघ खरी. भाव रेघेखाली गेला की विकून मोकळं व्हायचं. "रेघ आपल्या मनानं ओढायची नसते रे," हे तर उठता-बसता.

मुरबाडला एका लग्नात नाना मुठीत अक्षता धरून मांडवावरची दिव्यांची माळ न्याहाळत होते. "तिसऱ्या खांबाला टेकत नाय," म्हणाले आणि खुर्चीवर चढले. नवरदेवाचा मामा ओरडला, "ओ, आधी पोरांचं लगीन लागू द्या!"

अशा माणसावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर? पंप बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर आम्हा दोघांकडे होते. पावसाळ्याआधी नाना म्हणाले, "बाळू, रेघ तुटली. वीक." मी विकले. त्यानंतर भाव आणखी थोडा घसरला आणि मग असा चढला की माझी झोप उडाली.

परवा भांडायलाच गेलो. नाना आत चहा टाकत होते. पडद्यावर त्याच कंपनीचा चार्ट. कागदावर, मला विकायला लावणाऱ्या रेघेखाली, दुसरी रेघ. एकाही तळाला न टेकणारी, अधांतरी! पुसून पुसून दर वेळी थोडी खाली सरकवलेली. मी हबकलोच. पुजाऱ्याला गाभाऱ्यात चपला घालून बघावं, तसं झालं.

"नाना, तुमी विकले नाय?"

"नाय."

"मला विकायला लावलं, आनि सोताची रेघ खाली सरकवता?"

नानांनी चहाचा कप आणून माझ्यापुढे ठेवला. "ते सुमननं घेतलेले रे. मला न विचारता, तिच्या हौशीनं. माझीबी रेघ तुटली म्हनलो असतो तर तेबी विकायला लागले असते."

शिवी माझ्या तोंडातच राहिली. सुमनवहिनींना जाऊन वर्ष होत आलं. तेव्हापासून रोज सकाळी मी कुंपणापलीकडून विचारतो, "नाना, बरं हाय ना?" आणि हा माणूस रोज सांगतो, "एकदम बरं."

मी खुर्ची ओढून समोर बसलो. आवाज चढलाच.

"शेअर गेले खड्ड्यात! वर्षभर रोज माझ्याशी खोटं का बोललात? त्याचा जाब द्या, नाना!"