येळवशीचा ऑनलाइन वर्ग

चाकूरच्या एका कॉलेजात श्रीशैल बिरादार सर नऊ वर्षांपासून तासिका तत्त्वावर शिकवत होते. तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की उपास! पण आता त्यांचं नशीब उघडणार होतं. विद्यापीठ ऑनलाइन पदवीचं केंद्र देणार होतं आणि केंद्र मिळालं की सर त्याचे कायमचे समन्वयक. अट एकच. समितीसमोर अर्धा तास ऑनलाइन वर्ग घ्यायचा आणि साठच्या साठ पोरं कॅमेरा चालू ठेवून शेवटपर्यंत बसली पाहिजेत.

"पोरं माझ्या शब्दाबाहेर न्हाईत," सरांनी स्टाफरूममध्ये छाती ठोकून सांगितलं. "उद्याचं विद्यापीठ खिशात मावणार हाय. भिंती गेल्या, आता नुसतं नेट."

मग तारीख आली. समितीतली पाचही माणसं मुंबईकडची. त्यांच्या कॅलेंडरात ती साधी अमावस्या होती, पण आपल्याकडं त्या दिवशी येळवस, म्हणजे वेळा अमावस्येचा सण! घराला कुलूप घालून सगळं गाव शेतात; कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपटात पूजा, मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि माठभर ताकाची आंबील. बांधावरून जाणारा परका माणूससुद्धा जेवल्याशिवाय सुटत नाही, आणि पाहुण्याआधी घरचं कुणी घास घेत नाही. पण नऊ वर्षं वाट बघितलेल्या माणसानं तारीख बदला म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं?

"असाल तिथून बसा," सरांनी पोरांना फर्मान काढलं. "शेत काय न् वर्ग काय."

त्या दिवशी सरांनी आपल्या शेतातल्या कोपीपुढं पालथ्या टोपलीवर लॅपटॉप मांडला. पडद्यावरच्या चौकोनांत समितीची पाच माणसं आणि साठ पोरं; प्रत्येक पोरामागं एकेक कोप. सरांनी 'विद्यापीठातील ऑनलाइन शिक्षणाचं भवितव्य' या विषयाला हात घातला. सात मिनिटं झकास गेली. आठव्या मिनिटाला त्यांची आई महानंदाबाई ताटं घेऊन आल्या आणि पडद्यात डोकावल्या.

"ही चष्म्याची माणसं कोण?"

"समिती हाय आई. गप बस."

"जेवलात का ओ?" महानंदाबाईंनी थेट विचारलं.

समितीच्या अध्यक्षबाई सभ्य. खरं बोलून गेल्या, "अजून नाही."

झालं! महानंदाबाईंनी लॅपटॉपपुढं पाच ताटं मांडली. "दारातली माणसं उपाशी, अन् तू भाषण करायलास?"

हे साठ शेतांत ऐकू गेलं. ऋतुजाचा आवाज आला, "सर, आमची आजी ताटं वाढू देईना. पाहुणे उपाशी हायत म्हणती."

"आमचे आप्पा तर मोबाईल बंद कर म्हणायलेत," औशाकडचा सोमेश म्हणाला. "पाहुणे दिसतेत तवर घास उतरंना म्हणतेत. काय करू सर?"

सोमेशमागं एक राकट हात मोबाईलकडं येताना दिसला. एक चौकोन विझला की नऊ वर्षं मातीत.

"मॅडम," सरांनी हात जोडले, "भवितव्य राहू द्या. एक घास खा."

"अहो, इथे फक्त चहा-बिस्किटं आहेत."

"बिस्किट चालंल," महानंदाबाईंनी निकाल दिला.

मग विद्यापीठाच्या पाच मान्यवरांनी साठ कुटुंबांच्या देखत चहात बिस्किटं बुडवली. "लाजू नका, अजून एक घ्या," महानंदाबाई आग्रह करत होत्या. मान्यवरांनी घेतलं. तेव्हा कुठं साठ कोपींत भज्जी वाढली गेली. उरलेला वर्ग जेवणात गेला, पण एकही चौकोन विझला नाही. साठपैकी साठ! सरांना पहिला उंडा अमृतासारखा लागला.

चौथ्या दिवशी अहवाल आला. सरांनी तो आईला मोठ्यानं वाचून दाखवला. 'हजेरी शंभर टक्के. असा सहभाग समितीने आजवर पाहिलेला नाही. ऑनलाइन शिक्षणास येथे उज्ज्वल भवितव्य आहे.' इथं सरांनी आवाज आणखी चढवला. पुढची ओळ वाचताना तो आपोआप खाली आला. 'तथापि प्रत्यक्ष पाहणीशिवाय मंजुरी देता येत नाही. पाहणी : पुढील वर्षीची वेळा अमावस्या. स्थळ : बिरादार यांचे शेत. सदस्य : पाच, सहकुटुंब.'

म्हणजे तासिका तत्त्वावर दहावं वर्ष.

"बरं झालं," महानंदाबाई म्हणाल्या. "त्या दिशी वर्ग-बिर्ग ठिवू नको. आंबील वाढायला माणूस लागतंय."