घोणसगडाचं टाकं

अच्युतराव टिपणिसांनी घोणसगडाची प्रतिकृती करताना उत्तरेकडचं पाण्याचं टाकं गाळलं, त्यामुळे मंगळवारी सकाळी गडावरचं टाकं नाहीसं झालं.

टिपणीस निवृत्त आरेखक. चौदा महिने खपून त्यांनी प्लायवूड आणि प्लास्टरचा गड उभा केला आणि सोमवारी तो वाचनालयात मांडला. शेजारच्या पाटीवर सुरेख अक्षरात लिहिलं : ‘प्रत्यक्ष पाहणी करून, तंतोतंत’. खरं म्हणजे ते महादरवाजापर्यंतच चढले होते. तिथे दम लागला, सावलीत बसून त्यांनी डबा खाल्ला आणि ते उतरले. पलीकडचा भाग अंदाजाने केला.

बुधवारी ग्रामसेवक पंचनामा घेऊन वाचनालयात आले. सोबत ठकूबाई कोकरे होत्या. गडावर राहणारं हे एकच माणूस. त्या आणि त्यांच्या शेळ्या त्याच टाक्यावर जगत. टाक्याच्या जागी आता सपाट कातळ आहे, असं ग्रामसेवकांनी वाचून दाखवलं. मग विचारलं, टाकं जागेअभावी गाळलं की पाहणीअभावी? दोन्हींचे रकाने वेगळे होते.

टिपणिसांनी ठकूबाईंकडे पाहायचं टाळलं.

“जागेअभावी,” ते म्हणाले.

ग्रामसेवकांनी तसं लिहिलं, सही घेतली, टाकं लवकर करून द्यायला सांगितलं आणि ते गेले.

ठकूबाई मात्र थांबल्या. टाकं कसं होतं ते सांगायला कुणीतरी हवं, असं त्या म्हणाल्या. त्या सांगत गेल्या, टिपणीस कोरत गेले : सात पायऱ्या, त्यातली चौथी फुटकी, आत दोन खांब. टाकं पुरं झालं तरी भोवती वीतभर जागा उरली. ठकूबाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं. टिपणिसांचे कान तापले. आणखी काही राहिलंय का, असं त्यांनी खालमानेनेच विचारलं.

“माझं घर बी गेलं मंगळवारीच,” ठकूबाई म्हणाल्या. “पन ते काय जुनं न्हाई. म्हटलं, तुमी धरलं नसंल.”

कालपासून त्या तटाच्या आडोशाला राहत होत्या.

“मी तिकडे आलोच नव्हतो, ठकूबाई. खोटं लिहिलं.”

“ठावं हाय. दरवाज्यात जेवत बसला हुता, तवा वरनं बघितलं मी. पानी मागतील म्हनून तांब्या भरून ठिवला हुता.”

टिपणिसांनी प्लास्टर कालवलं आणि दार कुठल्या अंगाला होतं ते विचारलं.

“हुतं पश्चिमेला. वारं लई शिरायचं. पूर्वेला करा.”

त्यांनी दार पूर्वेला केलं. मग पाटी काढली आणि ग्रामसेवकांकडे जाऊन रकाना बदलून मागितला. त्याला नवा पंचनामा लागतो, आणि टाकं जागेवर असताना तो करता येत नाही, असं ग्रामसेवकांनी समजुतीने सांगितलं. गडावरचं टाकं दुपारीच पुन्हा भरलं होतं. कागदावर अजूनही ‘जागेअभावी’ असंच आहे.