एक्सपोर्टचा डोनट

वत्सलाआक्कांनी मला पहिल्या भेटीतच 'लोकल' ठरवलं. त्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या त्या दिवशी मी शेजारधर्म म्हणून टेम्पोतलं सामान उतरवायला गेलो होतो. आक्कांनी मला पायापासून टकलापर्यंत न्याहाळलं आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "वहिनी, माणूस कामाचा हाय. पण माल लोकल." बायको हा किस्सा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आणि सांगताना तिला इतकं हसू येतं की शेवट मलाच सांगावा लागतो.

वाईट वाटून घेण्यात अर्थ नव्हता. आक्कांच्या लेखी जगात दोनच प्रकार: एक्सपोर्ट आणि लोकल. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाउसमध्ये त्यांनी उभी हयात द्राक्षं निवडण्यात घालवली. आधी बायकांच्या रांगेत बसून, मग त्याच रांगेची मुकादम होऊन. परदेशी जाणाऱ्या घडात एक मणी बारका चालत नाही, डागी चालत नाही, आणि तडकलेला तर अजिबात नाही. दिसला की कात्रीने काढायचा, नाहीतर अख्खा घड लोकल बाजाराच्या क्रेटमध्ये टाकायचा. "माझ्या नजरेखालून गेलेला कंटेनर कधी माघारी आला नाय," हे त्या अशा थाटात सांगायच्या की ऐकणाऱ्याने उभं राहावं.

यजमान गेले, मुलगा सागर कॅनडात स्थिरावला, त्याने आईला नाशकात फ्लॅट घेऊन दिला आणि आक्का रिटायर झाल्या. नजर काही रिटायर झाली नाही. भाजीवाला त्यांना लांबून बघूनच चांगले टोमॅटो वर आणून ठेवायचा. दूधवाल्याच्या दुधाला त्या रोज काही ना काही दर्जा द्यायच्या. आमच्या सोसायटीच्या चेअरमनबद्दलचं त्यांचं मत तर जिन्यातल्या प्रत्येकाला पाठ होतं: "दिसायला एक्सपोर्ट, पण तोंड उघडलं की लोकल."

तर अशा आक्का एका सकाळी आमच्या दारात उभ्या. एका हातात स्टीलचं भांडं, दुसऱ्या हातात पिशवी, आणि चेहरा जमेल तेवढा पिशवीच्या उलट दिशेला.

"भाऊ, एवढी अंडी फोडून द्या."

मी चाटच पडलो. आक्कांच्या गळ्यात तुळशीची माळ. वांग्याच्या भाजीत चुकून सुकट पडल्याच्या नुसत्या शंकेने त्यांनी एका लग्नात जेवण सोडलं होतं.

"मी खानार नाय," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात फुटनार बी नाय. तुमच्याकडं फोडायचं, फेटायचं, वर झाकण ठेवून मला आणून द्यायचं. फेटल्यावर ते दुधावानीच."

"पण करायचं काय त्याचं?"

"डोनट."

मग दारातच सगळा खुलासा झाला. सागरने तिकडेच एका मुलीशी लग्न केलं होतं. नाव क्लेअर. आक्कांनी ते लग्न मोबाइलवर बघितलं होतं. आता फेब्रुवारीत ती पहिल्यांदा सासरी यायची होती. तिची आजी म्हणे घरी जुन्या पद्धतीचे डोनट तळायची. यीस्ट नाही, काही नाही. मैदा, लोणी, आंबट दही, जायफळ, अंडी. तळायचे आणि साखरेच्या पाकात बुडवायचे. सागरने फोनवर कृती सांगितली होती.

"मला तिची भाषा येत नाय, तिला माझी नाय," आक्का म्हणाल्या. "बोलनार काय आमी? तिच्या आजीच्या हातचं काय तरी तिच्या ताटात पडाय पायजे. नायतर पोरगी मनातून माघारी जाईल." एवढं बोलून त्यांनी भांडं माझ्या हातात कोंबलं.

आणि आमच्या मजल्यावर डोनटचा मोसम सुरू झाला. मैद्याची पोळी जाड लाटायची, स्टीलच्या ग्लासाने गोल कापायचं आणि मधलं भोक आमच्या खोकल्याच्या बाटलीच्या बुचाने पाडायचं. ते बूच आक्कांनी उकळत्या पाण्यात घालून घेतलं आणि पुन्हा कधी परत दिलं नाही. पहिला घाणा मी स्वतः बघितला. आच मंद होती. डोनट तळाशी बसला, जरा वेळाने वर आला, फुगला आणि त्याच्या पाठीवर चहूबाजूंनी तडे गेले.

"तडकला!" आक्का किंचाळल्या.

हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला हवा. काढणीच्या तोंडावर पाऊस पडला की द्राक्षाचे मणी तडकतात आणि बाग बघता बघता हातची जाते. निफाड-पिंपळगावकडच्या माणसाला तडा या गोष्टीचं जे भय आहे, ते इतरांना सापाचं असतं. आक्कांनी तो घाणा बघितलाही नाही नीट. सरळ डब्यात भरला, वर झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. "लोकल. घेऊन जा."

आम्ही घरी येऊन खाल्ले. काय सांगू! वरून खुसखुशीत, आतून मऊ, आणि त्या तड्यांमध्ये पाक मुरलेला. बायकोने बोटं चाटली. मी तसाच उलट्या पावली गेलो आणि आक्कांना म्हणालो, "आक्का, उत्तम झालेत. यात काही बदलू नका."

"भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमची जीभच लोकल."

वाद घालणार कसा? अंड्यामुळे त्या स्वतः चव घेणार नव्हत्या. त्यांनी आयुष्यभर माल डोळ्यांनी पारखला होता, तसाच डोनटही पारखणार होत्या. तडे जातात ते पीठ सैल म्हणून, असं ठरवून त्यांनी पीठ पुरीसारखं घट्ट मळायला घेतलं. तरी जातात म्हटल्यावर आच वाढवली. मधला तडकलेला सगळा माल डब्यातून आमच्या घरी. संक्रांतीच्या सुमाराला आक्कांना हवा तो माल निघायला लागला. सगळे एका मापाचे, गुळगुळीत, तांबूस. ताटात मांडले की फोटो काढावा असे. सगळ्या बिल्डिंगला त्यांनी ते दाखवले, आणि खोटं कशाला बोलू, मलाही त्यांचा अभिमान वाटला. आमच्या ऑफिसात कोणी मॉलमधला डोनट आणला की मी म्हणायचो, आमच्या आक्कांचे बघा एकदा.

बघाच म्हणायचो. खा म्हणायची सोय राहिली नव्हती. बायकोने एक डोनट ओट्यावर आपटून बघितला, तर ओट्याचा आवाज आला.

"आक्का, जरा कडक होतायत," मी एकदा धीर करून म्हणालो.

"कडकच पायजे. लांबच्या मालाला टिकाव लागतो."

"अहो, डोनट कुठे लांब जाणार आहे? ती मुलगी विमानाने इकडे येतेय."

"तेच म्हनते मी," आक्का म्हणाल्या. "एवढी लांबून येती."

सागरला फोटो पाठवून विचारू या असं मी सुचवलं, तर त्यांनी साफ नकार दिला. मुकादमीण होत्या त्या. माल रवाना व्हायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारत नसतात.

फेब्रुवारीत सागर आणि क्लेअर आले. मुलगी चांगली उंच, हसरी, आणि चेहऱ्यावर भरपूर बारीक तपकिरी ठिपके. ते ठिपके बघून मला आक्कांचा डागी मणी आठवला. आक्कांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. दर्जा मात्र दिला नाही. भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिच्या पायावर पाणी घातलं, तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि तिला आत घेतलं.

मग नवं कोरं ताट आलं. त्यात एक्सपोर्टचे डोनट. क्लेअरने आनंदाने टाळी वाजवली, एक उचलला आणि चावला. तिचा जबडा थांबला. पुन्हा जोर लावला. मग तिने तोंडभर हसून तुकडा कसाबसा गिळला आणि उरलेला डोनट हळूच ताटात ठेवला.

"छान झालेत, आई," सागर म्हणाला. चेअरमन वार्षिक सभेत बोलतात त्या आवाजात.

घडात दडलेला एक डागी मणी ज्यांना दिसायचा, त्यांना हे दिसणार नाही? आक्का "हं" म्हणाल्या आणि पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेल्या. त्यांची पाठ एवढी वाकलेली मी त्याआधी कधी बघितली नव्हती. मला फार वाईट वाटलं.

एवढ्यात क्लेअर उठली आणि आक्कांच्या मागोमाग आत गेली. मिनिटभराने आतून अशी काही आरोळी आली की आम्ही सगळे धावलो.

ओट्यावर आमच्यासाठी काढून ठेवलेला लोकलचा डबा उघडा पडला होता. सकाळच्या धांदलीत एक घाणा मंद आचेवर राहून तडकला होता, तो. क्लेअरने त्यातला एक डोनट दोन्ही हातांत धरला होता, ती खात होती, एकीकडे भराभरा बोलत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आई," सागर म्हणाला, "ती म्हणतेय हेच ते. हेच तिच्या आजीचे. आजी मुद्दाम मंद आचेवर तळायची, तडे जावेत म्हणून. ज्याला तडा गेला नाही तो कुत्र्याला घालायची."

आक्कांनी सागरकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. मी फक्त छाती पुढे काढून उभा राहिलो. एवढे महिने आम्ही दोघं नवरा-बायको एक नंबरचा माल खात होतो.

मला भीती होती की आक्का खचतील. आयुष्यभराची नजर चुकली म्हणजे थोडं का झालं? पण दुसऱ्या दिवशी मंद आचेवर भलामोठा घाणा निघाला आणि आक्का ताट घेऊन दारोदार फिरल्या. "तडे बघा! माझ्या सुनेच्या आजीची पद्धत हाय ही." चेअरमननाही दोन मिळाले.

आठवड्याने सागर सायखेड्याला मित्राकडे गेला होता, तेव्हा मी अंड्याचं भांडं परत द्यायला गेलो. दोघी स्वयंपाकघरात होत्या. परातीत काळपट पीठ, आणि क्लेअर कोपरापर्यंत हात बरबटून भाकरी थापत होती.

"कळन्याची भाकर," आक्का म्हणाल्या. "ज्वारी आन काळे उडीद. आमच्या बागलाणातली. माझं माहेर सटान्याच्या पलीकडं, भाऊ, तुमाला ठाव नसंल."

मला खरंच माहीत नव्हतं. मी त्यांना पिंपळगावच्याच समजत होतो.

"लगीन होऊन आले तवा माझी बोली आयकून नणंदा हसायच्या. मी बोलायचीच बंद झाले. मग शिकले यांच्यावानी बोलायला. एकदा सासूला म्हनलं, आज कळन्याची करू का, लय आठवन येती. तर म्हनली, ते तुझ्या गावाकडचं आमच्या घरात नाय चालायचं. परत कधी नाव काढलं नाय. सासू गेली, हे गेले, तरी नाय केली. एकटीसाठी कुठं करायची?" त्यांनी तव्याखालची आच बारीक केली. "काल हिनं सागरला इचारायला लावलं, तुमच्या आईच्या हातचं तुमाला काय आवडायचं? एवढ्या वर्षांत मला हे कुनी इचारलं नव्हतं, भाऊ."

क्लेअरने भाकरी तव्यावर टाकली. कडेला फाटलेली, एका बाजूला जाड, मधे बोटांचे ठसे. आक्कांनी ती फुगायची वाट बघितली. ती काही फुगली नाही. मग त्यांनी ती ताटात घेतली, वर ठेचा आणि तेल घातलं, भिंतीला टेकून खाली बसल्या आणि घास घेतला. मग क्लेअरकडे बघून म्हणाल्या,

"मनी मायना हातनी चव शे व, पोरी."

आईच्या हातची चव, एवढं मला कळलं, पण ही माहेरची बोली मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. बोलताना त्यांचा आवाजही बदलला होता, एखाद्या लहान मुलीचा असावा तसा. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी बघून क्लेअरला वाटलं, आपलं काही तरी चुकलं. ती घाईघाईने ताट उचलायला वाकली. आक्कांनी ताट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं, आणि हनुवटीनेच तिला तव्याकडे खुणावलं, दुसरी टाक.