मास्तरांच्या बुडण्याच्या विस्मरणाबाबत

तरणतलावाचे मास्तर कमरेएवढ्या पाण्यात बुडाले, हे नाकारण्यात काही अर्थ नाही. ते बुडाले. सकाळच्या बॅचला, उथळ बाजूला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बुडाले. मास्तरांचं म्हणणं एवढंच होतं की लोकांनी ते विसरावं, आणि तसा त्यांना कायद्यानं हक्क होता.

मास्तर म्हणजे काही ऐरेगैरे नव्हेत. गळ्यात शिट्टी, पायात रबरी चपला, अंगाला कायमचा क्लोरीनचा वास. अर्धं शहर त्यांचा ओरडा खात पोहायला शिकलं होतं. फार पूर्वी एकदा खोल बाजूला गटांगळ्या खाणाऱ्या दोघांना, एका टपालवाल्याला आणि एका चष्मेवाल्याला, त्यांनी एकाच उडीत बाहेर काढलं होतं. पण तेव्हा लोकांच्या खिशात फोन नसत, त्यामुळे त्या गोष्टीचं पुढं काही झालं नाही.

या वेळी फोन होता. बॅचमध्ये एक काकू होत्या. त्या रबरी फुलांची पिवळी टोपी घालून येत, म्हणून सगळे त्यांना टोपीवाल्या काकू म्हणत. काकू त्या दिवशी पहिल्यांदाच या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत पोहणार होत्या आणि त्यांचे यजमान कौतुकानं चित्रण करत होते. मास्तर काकूंच्या पुढं उलटे चालत त्यांना धीर देत होते. "पाण्याला घाबरायचं नाही, पाणी आपल्याला काही..." एवढं बोलले आणि त्यांच्या पायात गोळा आला. वाक्याचा उरलेला भाग बुडबुड्यांच्या रूपात वर आला. काकूंनी शिट्टीची दोरी धरून त्यांना ओढत कठड्याला लावलं आणि दम लागलेल्या आवाजात विचारलं, "मास्तर, आता श्वास सोडू का?"

यजमानांनी ते चित्रण बॅचच्या ग्रुपवर टाकलं, तेही बायकोच्या धाडसाचं कौतुक म्हणून. तिथून ते दोनचार इमारतींच्या ग्रुपवर गेलं. पाहणारे फार तर शेदोनशे असतील. पण नव्या हंगामाच्या बॅचला नाव नोंदवायला कोणी फिरकेना, तेव्हा तलावाच्या सेक्रेटरींनी मास्तरांना बोलावून घेतलं.

"मास्तर, मला तुमच्याबद्दल आदर आहे," सेक्रेटरी म्हणाले. हे वाक्य ऐकलं की माणसानं सावध व्हावं. "पण पालक विचारतात, बुडणारे मास्तर ते हेच का. हंगाम सुरू व्हायच्या आत तेवढं प्रकरण निस्तरा. नाहीतर आम्हाला दुसरे मास्तर बघावे लागतील."

पाणी सोडून मास्तरांना जगात दुसरं काही येत नव्हतं. जमिनीवर तर ते साधा खिळासुद्धा सरळ ठोकू शकत नसत.

"अहो, विसरतील लोक आपोआप," बायको म्हणाली. "आठवड्याभरात दुसरं कोणीतरी कुठंतरी पडेल, मग सगळे त्याच्यामागे लागतील."

"आपोआप नको," मास्तर म्हणाले. "माझी नोकरी पणाला लागली आहे. झालं तर रीतसर झालं पाहिजे."

इथंच घोड्यानं पेंड खाल्ली, असं म्हणायला हरकत नाही.

नागरी विस्मरण कार्यालय नुकतंच सुरू झालं होतं. फोनवर आणि इंटरनेटवर पसरलेली, नागरिकाची बदनामी करणारी माहिती पुसून टाकावी आणि ती लोकांनी विसरावी, असा नवा कायदा आला होता. भिंतींना ताजा रंग होता, खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. खिडकीतल्या लिपिकानं अर्ज पुढं सरकवला.

"काय विसरायचंय?"

"एक व्हिडिओ आहे. म्हणजे, मी एकदा पाण्यात जरा..."

"जरा नाही चालणार. कुठं, केव्हा, कसे, किती पाण्यात, कोणासमोर, सगळं सविस्तर लिहा. तुम्ही मोघम लिहिलंत तर काय विसरायचं ते आमच्या लक्षात कसं राहणार?"

मास्तरांनी लिहिलं. लिहिताना पुन्हा एकदा त्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं. लिपिकानं व्हिडिओ पाहिला, मग खात्रीसाठी शेजारच्या टेबलाला दाखवला, शेजारच्या टेबलानं साहेबांना दाखवला, आणि साहेबांनी वरच्या मजल्यावरच्या लेखापालांना बोलावून घेतलं, कारण त्यांचा मेव्हणा पोहायला जात असे. सगळ्यांनी अत्यंत गंभीर चेहऱ्यानं पाहिला. एकाला ठसका लागला, तो बाहेर जाऊन आला.

"अडचण आहे," विस्मरण अधिकारी म्हणाले. "यात तुमचं तोंड दिसत नाही."

"साहेब, तोंड पाण्याखाली आहे."

"तेच म्हणतोय. तोंड दिसत नाही म्हणजे ओळख पटत नाही. ओळख पटत नाही म्हणजे बदनामी झाली नाही. बदनामीच झाली नसेल तर आम्ही लोकांना काय विसरायला सांगायचं? आधी हे तुम्हीच आहात हे सिद्ध करा."

"ते कसं करू?"

"बुडून दाखवा. पंचांसमक्ष. आमचा कॅमेरा चांगला आहे, पाण्याखालचंही स्वच्छ येतं."

त्याप्रमाणे एका सकाळी तलावावर पंचनामा झाला. कठड्यावर दोन पंच, अधिकारी, लिपिक आणि सरकारी छायाचित्रकार. पाण्यात मास्तर आणि साक्षीदार म्हणून टोपीवाल्या काकू. बघे वेगळे. मास्तरांनी बुडायचा प्रयत्न केला, पण जन्मभराची सवय आडवी आली. अंग खाली जाईना. ते पुन्हा पुन्हा अलगद वर येत आणि तरंगत राहत. अधिकाऱ्यांनी शेरा लिहिला, "अर्जदार बुडण्याच्या कामी सहकार्य करीत नाहीत."

"साहेब, मी करतोय हो सहकार्य," मास्तर रडकुंडीला आले.

"मास्तर, त्या दिवशी तुम्ही बोलत होता, तोंड उघडं होतं," काकूंनी मायेनं सांगितलं. "तसं बोला काहीतरी. आणि डोळे असे मोठे करा. घाबरू नका, मी आहे ना."

ज्यांना आपण पाण्यात पाय टाकायला शिकवलं त्यांच्याकडून बुडायचे धडे घ्यायची वेळ मास्तरांवर आली. त्यांना रडू आलं, पण ओल्या तोंडामुळे ते कोणाला कळलं नाही. शेवटी एकदाचे ते अधिकाऱ्यांच्या मनासारखे बुडाले. चित्र फार सुरेख आलं. मास्तरांच्या नाकातून निघणारा प्रत्येक बुडबुडा वेगळा मोजता येत होता.

मग जाहीर सूचना निघाली. वर्तमानपत्रात आली, चौकाचौकांतल्या फलकांवर लागली, आणि शहरातल्या प्रत्येक फोनवर एकाच वेळी घंटा वाजवून गेली. "तमाम नागरिकांस कळविण्यात येते की, तरणतलावाचे मास्तर कमरेएवढ्या पाण्यात बुडाल्याची घटना विसरण्याचे योजिले आहे. मूळ व प्रमाणित अशा दोन्ही चित्रफितींचे दुवे सोबत आहेत. ज्यांनी त्या पाहिल्या नसतील त्यांनी त्या लक्षपूर्वक पाहून आपली हरकत असल्यास कळवावे. न पाहता घेतलेली हरकत विचारात घेतली जाणार नाही."

"माझ्या बहिणीचा फोन आला होता," बायकोनं सांगितलं. "तिलाही सूचना आली. तिनं घरच्या सगळ्यांना बसवून दाखवला."

"मग?"

"हरकत नाही म्हणाली."

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. शेदोनशे लोकांचं प्रकरण आता सगळ्या शहराचं झालं होतं. अर्ज मागं घ्यावा म्हणून ते कार्यालयात गेले, तर लिपिक म्हणाला की मागं घेता येईल, पण कशाबद्दलचा अर्ज मागं घेतला याची पुन्हा जाहीर सूचना द्यावी लागेल.

एक हरकत मात्र आली, आणि ती टोपीवाल्या काकूंची होती.

सुनावणी पारदर्शक असावी म्हणून थेट प्रक्षेपित झाली. दालनात मोठा पडदा लावला होता. आधी मूळ चित्रफीत दाखवली, मग प्रमाणित, मग तुलनेसाठी दोन्ही शेजारी शेजारी, सावकाश. मग काकू उभ्या राहिल्या. टोपी घालूनच आल्या होत्या.

"मास्तरांविरुद्ध माझं काही नाही," त्या म्हणाल्या. "देवमाणूस आहे. पण साहेब, आजवर आमच्या घरात पंख्याचं बटण दाबतानासुद्धा मला कोणी विचारलं नाही. मास्तरांना बाहेर काढलं तेव्हापासून यजमान मला विचारून बोलतात. माझं नाव शौर्यपदकासाठी गेलंय. आयुष्यात मी एकच धाडस केलं, तेही लोकांनी विसरायचं म्हटल्यावर माझ्यापाशी राहिलं काय?"

मास्तरांना मनापासून वाईट वाटलं. आपल्या बुडण्यावर कोणाचा तरी संसार तरंगतोय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजूंचा साकल्यानं विचार केला आणि निकाल दिला. काकूंनी वाचवलं हे सर्वांनी लक्षात ठेवावं. मास्तर बुडाले हे सर्वांनी विसरावं. काकूंनी कोणाला वाचवलं असा प्रश्न उद्भवल्यास, "पाण्यात उभ्या असलेल्या एका अज्ञात इसमाला" असं उत्तर द्यावं. मूळ चित्रफीत ताबडतोब पुसून टाकावी. प्रमाणित चित्रफीत मात्र निकालाचा भाग असल्यानं ती कायम जतन करावी आणि कोणालाही मागताक्षणी पाहायला मिळावी.

अंमलबजावणी कडक होती. व्हिडिओ पाहिलेल्या प्रत्येकाला विस्मरणपत्र भरणं सक्तीचं झालं. "तरणतलावाचे मास्तर कमरेएवढ्या पाण्यात बुडाले होते हे मला आठवत नाही," असं स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं. दर वर्षी नूतनीकरण, म्हणजे आपण काय विसरलोय याचा कोणाला विसर पडू नये. शाळांनी हे वाक्य मुलांकडून गिरवून घेतलं. मास्तर रस्त्यानं निघाले की पानवाला, न्हावी, बसचा कंडक्टर, ज्यांना ते ओळखतही नव्हते अशी माणसंसुद्धा थांबून आपुलकीनं सांगत, "मास्तर, आम्ही विसरलो बरं का."

कायदा पाळणाऱ्यांवर रागवायचं तरी कसं? मास्तर हात जोडून म्हणत, "आभारी आहे."

हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी निकालाची प्रत घेऊन ते सेक्रेटरींपुढं उभे राहिले. सेक्रेटरींनी ती शेवटपर्यंत वाचली, जोडलेली चित्रफीतसुद्धा पाहिली.

"अभिनंदन," ते म्हणाले. "पण उद्यापासून तुम्ही येऊ नका."

"का? मी काय केलं?"

"आता तेच तर सांगता येत नाही. तुम्ही बुडालात म्हणून काढतोय असं लिहिलं तर मला शिक्षा होईल. कायद्यानं मी ते विसरलोय. त्यामुळे तुम्हाला काढलंय, एवढंच आठवतंय. कारण आठवत नाही."

"मग नव्या बॅचला शिकवणार कोण?"

"टोपीवाल्या काकू."

"त्यांना अजून खोल बाजूला सोडलेलं नाही मी."

"नसेल. पण त्यांनी पाण्यातून माणूस वाचवलाय. तेही अज्ञात. ओळखीच्याला कोणीही वाचवतं, मास्तर." सेक्रेटरींनी हात पुढं केला. "शिट्टी तेवढी ठेवून जा."

मास्तरांनी गळ्यातली शिट्टी काढली. दोरी अजून ओलसर होती. ती टेबलावर ठेवताना त्यांनी शेवटचं विचारलं, "साहेब, खोल बाजूला मी एकदा दोघांना बाहेर काढलं होतं. ते?"

"असं? केव्हा?" सेक्रेटरींना खरोखरच नवल वाटलं.

"ते विसरायचाही काही हुकूम निघाला होता का?"

"छे हो," सेक्रेटरी म्हणाले. "ते आमचं आम्हीच विसरलो."

आता राहता राहिले तुम्ही. इथवर वाचलंत म्हणजे कायद्यानं तुम्हीही या प्रकरणात आलात. विस्मरणपत्र जवळच्या कार्यालयात मिळेल. येताना सोबत ओळखपत्र आणा. खिडकीवरचा लिपिक आधी विचारेल, कमरेएवढ्या पाण्यात कोण बुडालं? उत्तर आलं तर दंड आहे. मग तो विचारेल, खोल पाण्यातून मास्तरांनी ज्या दोघांना बाहेर काढलं, ते दोघे कोण होते? ते अगदी सुरुवातीलाच सांगितलं आहे. आता वर जाऊन बघू नका. नाही आठवलं तरी काळजीचं कारण नाही, त्याला दंड नाही.