अप्पांचे पत्ते

चोरीचं सॉफ्टवेअर आपल्या घरात चालणार नाही, असं विश्वेशने २००४ च्या दिवाळीत जाहीर केलं आणि फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत वडिलांच्या संगणकावरचं विंडोज पुसून लिनक्स ही मुक्त प्रणाली टाकली. मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी ती. पण हातात धरून असा ताठ उभा राहिला, जणू अख्ख्या इंदिरानगरात तो सोडून सगळे दरोडेखोरच राहतात.

संगणक वरच्या मजल्यावर, अप्पांच्या खोलीत. यज्ञेश्वरअप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. दुपारी संगणकावर नाट्यगीतं लावायची आणि पडद्यावरच एकट्याने पत्ते लावत बसायचं, एवढंच त्यांचं सुख. मुलाने ते तत्त्वापायी मोडीत काढलं. तत्त्ववाल्यांचं हे असंच असतं. उपास यांचा आणि जेवण बापाचं बंद.

आधी गाणी वाजेनात.

“एमपीथ्री बंदिस्त प्रकार आहे, अप्पा. स्वातंत्र्याच्या कल्पनेत बसत नाही.”

“गाणाऱ्याची तक्रार नाही, वाजवणाऱ्याची नाही. मग तुझं काय दुखतंय?”

मग मराठी पत्रातल्या वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसायला लागल्या. अप्पांनी पुन्हा टाक-दौतीचा काळ सुरू केला. पण पत्ते काही सोडवेनात. खाली विश्वेशचा संसार. तो कारखान्यातून आला, की जिन्यातून हाक यायची, “विश्वेश, माझे पत्ते कुठे गेले रे?”

विश्वेश वर जायचा, खुर्ची ओढायचा आणि अर्धा तास मुक्त प्रणालीवर कीर्तन लावायचा. शेवटी म्हणायचा, “मेनूत आहेत. शोधा. आयतं मिळालं की माणूस शिकत नाही.” बोट लावून दाखवलं असतं तर दहा सेकंदांचं काम. सहा महिन्यांत ते दहा सेकंद त्याला मिळाले नाहीत.

एका सोमवारी दमून आला होता. हाक आली. खालूनच म्हणाला, “उद्या, अप्पा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा चहाचा कप हातात घेऊन बसल्या जागी गेले.

दहाव्या दिवशी रामकुंडावर पिंड ठेवला. विश्वेशचं डोकं नुकतंच गुळगुळीत केलेलं, वर मे महिन्याचं ऊन. कावळा समोर विजेच्या खांबावर बसला होता. बसला तो बसलाच. खाली यायचं नाव नाही.

“इच्छा राहिलीय,” मामा म्हणाले. दुसऱ्यांच्या इच्छांबद्दल मामांना नेहमीच खात्री असते.

विश्वेशचा या प्रकारावर काडीचा विश्वास नव्हता. तरी त्याने हात जोडले. आईला सांभाळीन. कावळा ढिम्म. यशश्रीचं माहेर तुटू देणार नाही. कावळ्याने पिसं साफ केली.

बहीण यशश्री कानाशी येऊन म्हणाली, “दादा, उगाच लांबून फिरू नकोस. पत्त्यांचं बोल.”

“कसले पत्ते?” गुरुजींनी विचारलं.

“संगणकावरचे.”

“जे काय असेल ते बोला. माझी अजून तीन घरं थांबलीयत.”

चाळीस नातेवाइकांसमोर विश्वेशने घसा खाकरला. “अप्पा, चुकलो. लिनक्स काढतो. विंडोज टाकतो.”

कावळा किंचित हलला.

“चोरीचं टाकतो म्हण,” मामा कुजबुजले. “विकतचं आणेपर्यंत तो थांबणारेय का?”

“अप्पा,” विश्वेशचा आवाज फाटला, “चोरीचं टाकतो.”

कावळा उतरला आणि त्याने पिंडाला चोच लावली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. विश्वेश मात्र तिथेच फतकल मारून बसला. म्हणजे बाप खरंच रुसून गेला होता. पत्त्यांच्या एका डावासाठी.

घरी पोचतात तोच मामांनी कुठूनशी सीडी आणून हातात ठेवली. “शब्द म्हणजे शब्द.” विश्वेश वर गेला. पुसायच्या आधी एकदा पाहावं म्हणून त्याने मेनूतला तो पत्त्यांचा खेळ उघडला. मग त्याची आकडेवारी उघडली.

एकूण डाव आठशे बारा. जिंकलेले चौदा.

तो पाहतच राहिला. आई चहा घेऊन दारात आली होती.

“अप्पा खेळत होते?”

“मग? दुसऱ्याच दिवशी सापडला त्यांना.” आईने कप टेबलावर ठेवला. “पाटबंधाऱ्याच्या फायलींतून धरणं शोधली त्या माणसाने, त्याला पत्ते सापडणार नाहीत?”

“मग रोज विचारायचे कशाला?”

“पत्ते हरवले म्हटलं की तू अर्धा तास येऊन बसायचास. पत्ते सापडले म्हटलं असतं तर आला असतास?”

विश्वेश हातातली सीडी टेबलावर ठेवत म्हणाला, “हे तुला ठाऊक होतं. मग घाटावर बोलली का नाहीस? त्यांची काही इच्छाच राहिली नव्हती.”

“त्यांची नव्हती,” आई म्हणाली. “माझी होती. चार लोकांत तुझ्या तोंडून एकदा ‘चुकलो’ ऐकायचं होतं.”

“आणि विंडोजचं?”

“ते टाक. मामा खाली बसलाय, बघितल्याशिवाय जायचा नाही.”